टू-सीटरला मी दिलेला होकार

आधीच सांगून टाकतो — भूत, चकवा, लागीर असलं काही सांगायला आलेल्या माणसाला मी आजवर चहा पाजून वाटेला लावत आलोय. मी मोटारीचा मिस्त्री. मूळचा कंग्राळीचा, शेतकऱ्याघरचा. बेळगावच्या कॅम्पात पाना धरायला शिकलो आणि तिथंच गॅरेज टाकलं. आमच्या धंद्यात आवाज आला की त्याला कारण असतं. बेअरिंग गेलेलं असतं, नट सैल असतो, नाहीतर गिऱ्हाईक खोटं बोलत असतं. चौथं कारण नसतं... असं मी म्हणायचो, आणि छाती पुढं काढून म्हणायचो.

ही हकिगत दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यातली. आप्पा हा माझा शाळेपासूनचा दोस्त. निपाणीचा, जैनाघरचा, घरात तंबाखूचा व्यापार. एका दुपारी तो घामाघूम होऊन गॅरेजात आला.

"चल की रं माझ्यासंगं. कॅम्पातला एक साहेब विलायतेला निघालाय. त्याची दोन शिटांची उघडी गाडी इकायला काढलीया. लई स्वस्त देतोय!"

"स्वस्त का देतोय?"

"त्येच बघायला तुला न्यायला आलोय न्हवं? तू व्हय म्हणालास तर घेतो. न्हाय म्हणालास तर मागं वळून बघणार न्हाय."

हे तो गमतीनं म्हणत नव्हता. त्याच्या बायकोला सातवा महिना होता, घरात तो एकुलता एक, आणि घरच्यांनी एकाच अटीवर परवानगी दिली होती — मी गाडी पास केली तर. म्हणजे सगळा भार माझ्या जिभेवर.

बंगल्याच्या आवारात गाडी उभी होती. हिरवी, बुटकी, लांब नाकाची, पळण्यासाठीच केलेली. आप्पा तिच्याकडं असा बघत होता की त्याच्या बायकोनं बघितलं असतं तर माहेरी गेली असती. साहेब आत सामान बांधत होता. त्याच्या बटलरनं किल्ली दिली आणि मी न विचारताच म्हणाला, "साहेब दोन महिने झाले, टांग्यानंच जातोय." का, म्हणून विचारलं तर खांदे उडवून आत निघून गेला. मला ते आवडलं नाही.

मग मी गाडीवर तुटून पडलो. अपघाताची गाडी रंग लावून खपवतात, म्हणून सांधे, चासीचा सांगाडा, दारांच्या फटी — सगळं बोटांनी चाचपलं. चाकं हलवून पाहिली. वेंगुर्ल्याच्या रस्त्यावर ट्रायल घेतली, ब्रेक दाबून दाबून पाहिले. खोट काढायचीच म्हणून बसलो होतो आणि खोट सापडेना! माझी चिडचिड व्हायला लागली.

शेवटी पुढचा भाग जॅकवर उचलून खाली शिरलो. स्टिअरिंगच्या दांडीच्या सांध्याला एक नट असतो. तो धक्क्यांनी फिरून सुटू नये म्हणून त्यात आडवी स्प्लिट पिन घालून तिची टोकं वाकवतात. जुनी पिन गंजली होती. ती काढून टाकली, नट आवळला, खिशातली नवी पिन हातात घेतली... आणि वरून काहीतरी ऐकू आलं.

गरम इंजिन निवताना टिकटिकतं, ते मला पाठ आहे. हे तसं नव्हतं. आमची एक रीत असते — लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, म्हणजे आतलं बारीकसारीक सगळं ऐकू येतं. मी तसं केलं.

आत कुणीतरी धापा टाकत होतं.

चढ चढून आलेल्या माणसाला लागते तशी धाप. मी माझा श्वास रोखून धरला — ती चालूच. स्क्रूड्रायव्हर काढला, बंद. टेकवला, सुरू. इंजिन बंद, किल्ली माझ्या खिशात. आप्पाचे पाय मला पार फाटकापाशी दिसत होते. मी घाबरलो. सरळ सांगतो, घाबरलो.

"आरं, झालं का न्हाय?" आप्पा ओरडला. "ऊन कललं की! घरी पोचून जेवायचं हाय मला."

त्याच्या घरी सूर्य मावळल्यावर घास तोंडात घालत नाहीत. त्या घाईत तो, आणि ह्या भीतीत मी. गाडीखालून बाहेर आलो, जॅक उतरवला, हात पुसत बसलो.

"बोल की रं!"

काय बोलणार? श्वास ऐकू आला म्हणू? वीस वर्षांची अब्रू तिथंच गेली असती. नाही म्हणायला कारण नव्हतं आणि हो म्हणायला जीभ रेटेना. शेवटी म्हणालो, "गाडीत खोट न्हाय." आणि लगेच, "पण मीबी येतो निपाणीपातूर." एवढं तरी करावं असं वाटलं.

आप्पानं तिथंच साहेबाला पैसे मोजले आणि आम्ही निघालो; गाडी तोच हाणत होता. वंटमुरीचा घाट गेला, संकेश्वर गेलं. तो शीळ घालत होता आणि माझं लक्ष इंजिनाकडं. जागेवर बसवेना. दोनदा म्हटलं, "सावकाश." तो म्हणाला, "तूच पास केलीस न्हवं?"

तवंदीचा घाट उतरायच्या अलीकडं स्तवनिधीचं, जैनांचं क्षेत्र लागतं. आप्पानं एक हात सोडून कपाळाला लावला, आणि त्याच घडीला इंजिन बंद पडलं. अडखळलं नाही, खोकललं नाही. कुणी किल्ली काढून घ्यावी तसं. गाडी सपाटीवरून थोडी घरंगळली आणि थांबली. पुढं शंभर पावलांवर उतार सुरू होत होता.

पेट्रोल पाहिलं, होतं. प्लग काढून पाहिले, ठिणगी झक्क. तरी चालू होईना. आप्पा सूर्याकडं बघून वैतागला आणि क्षेत्रावर उपाध्यांच्या घरी जेवून येतो म्हणून गेला. मी पुन्हा गाडीखाली शिरलो. आणि समोरच स्टिअरिंगचा नट दिसला — शेवटच्या आट्यावर लोंबत होता. बोटानं टिचकी मारली असती तर माझ्या तोंडावर पडला असता.

पिन घातलीच नव्हती. स्क्रूड्रायव्हर घेताना ती मी परत सदऱ्याच्या खिशात टाकली होती, आणि ती तिथंच होती.

घाटाच्या पहिल्या वळणावर स्टिअरिंग आप्पाच्या हातात नुसतंच फिरलं असतं. मी त्या नटाकडं बघत किती वेळ पडून राहिलो, माहीत नाही. मग नट आवळला, पिन घातली, टोकं वाकवली. तेवढ्यात आप्पा परत आला. मी हात पुसले. किल्ली लावली आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. घाट मात्र मी उतरवला.

आप्पानं ती गाडी पुढं दोन-तीन वर्षं वापरली, लढाईत पेट्रोल मिळेनासं होईपर्यंत. पोरगा झाला, त्यालाही तिच्यातून फिरवलं. गाडी दुरुस्तीला आली की मी दर वेळी स्क्रूड्रायव्हर कानाला लावायचो. इंजिनाशिवाय काही ऐकू आलं नाही.

पण मला चैन नव्हतं. ती धाप ऐकली नसती तर मी पिन विसरलो नसतो. आणि गाडी तिथं थांबली नसती तर आम्ही दोघं संपलो होतो. दोन्ही एकाचंच काम असेल तर त्याला हवं तरी काय होतं? गेल्या दिवाळीत राहवलं नाही, आप्पाला सगळं सांगितलं. मान वर करून बघायची हिंमत नव्हती.

आप्पा शांतपणे म्हणाला, "पिनंचं ठावं हाय मला. जेवून आलो तवा तू खाली पिनच ठोकत हुतास. तुझं पाय लटलटा कापत हुतं. गाडीवाल्याला कळत न्हाय व्हय?"

"मग इतकी वर्षं बोलला न्हाईस?"

"बोललो असतो तर परत पाना धरला असतास तू?"

मला रडू आलं, ते लपवायलाही सुचलं नाही. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मग तोच हळूच म्हणाला, "पर मला एक सांग... त्या सपाटीवर गाडी थांबवली कुणी रं?"

मी मिस्त्री असून मला सांगता आलं नाही. वाचकांपैकी कुणाला सांगता आलं तर बघा.