असुंताबाईंशी भांडण

असुंताबाई माझ्याशी इटालियन बोलायच्या नाहीत. मी वसईहून टोरंटोला एम.ए.ला गेले होते, विषयच इटालियन. म्हणून मुद्दाम शहराबाहेरच्या रिचमंड हिलला एका इटालियन म्हातारीकडे वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. पहिल्या दिवशी दारात मी पाठ केलेलं वाक्य अदबीने म्हटलं. बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि तुटक इंग्रजीत म्हणाल्या, "इंग्लिश बोल. हे कॅनडा आहे."

दक्षिण इटलीतल्या कुठल्याशा डोंगरी गावातून त्या लग्न होऊन इकडे आलेल्या. नवरा वारला होता. घरात स्वयंपाकघरं दोन. तळमजल्यावरचं चकचकीत, पाहुण्यांना दाखवायला. तिथे चहासुद्धा होत नसे. खरा स्वयंपाक बेसमेंटमध्ये, आणि मलाही तिथेच करावा लागे. "मागचा बर्नर तुझा. बाकी कशाला हात लावायचा नाही."

पहिल्याच रविवारी मी सुकट परतली. बाईंनी भर थंडीत सगळ्या खिडक्या उघडल्या आणि कोट घालून खुर्चीत बसल्या. "घरात काय मेलंय?"

"तुम्हीही सुका मासा भिजत घालता की," मी म्हटलं. खरंच, टबात त्यांचा बकाला पडलेला होता.

"बकाला मासा आहे. तुझं ते पाप आहे."

माझ्या खोलीतल्या भिंतीवरचा क्रूसही त्यांना खुपला. "हा तुम्हा लोकांना कोणी दिला?"

"तुम्हाला ज्याने दिला, त्यानेच."

त्यानंतर आठवडाभर हीटिंग इतकं कमी ठेवलं की मी मोजे, टोपी घालून अभ्यास करत होते. मला त्यांचा मनापासून राग यायचा. युनिव्हर्सिटीजवळ मैत्रिणीच्या अपार्टमेंटमध्ये एक खोली रिकामी होणार होती. तिकडे जायचं मी जवळजवळ ठरवलंच होतं.

त्याच सुमारास बाईंचा मुलगा फ्रँक आला. मी बेसमेंटमध्ये आमटी ढवळत होते. "तुला इटालियन येतं ना?" तो म्हणाला. "आईला समजाव. ओल्ड एज होममध्ये जागा मिळाली आहे, हे घर विकायचंय. मी बोललो की तिला अचानक इंग्लिश कळेनासं होतं." त्याला स्वतःला खाण्याच्या पदार्थांपलीकडे इटालियन येत नव्हतं.

मी सगळं इटालियनमध्ये सांगितलं. बाई टेबलाशी शेंगा सोलत होत्या. मान वर न करता त्या पहिल्यांदाच माझ्याशी इटालियन बोलल्या, सावकाश, मला शब्दन् शब्द कळेल असं. "त्याला सांग, वरची मुलगी शिकते आहे. तिचं शिक्षण संपेपर्यंत खोल्या तिच्या, असा मी शब्द दिलाय."

असा कुठलाही शब्द त्यांनी मला दिलेला नव्हता. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या शेंगांकडे पाहत होत्या. मी फ्रँकला ते इंग्रजीत सांगितलं आणि पुढे म्हटलं, "हो, तसंच ठरलंय आमचं." तो चिडून निघून गेला.

आता तरी बाई निवळतील असं वाटून मी त्यांच्याजवळ बसले. त्या म्हणाल्या, "जवळ येऊ नकोस. तू मला आवडत नाहीस. पण तू गेलीस की हे मला नेतील."

दुसऱ्या दिवशी मी मैत्रिणीला नाही म्हणून कळवलं. खूप जिवावर आलं होतं.

बाई बदलल्या नाहीत. फरक इतकाच, की त्या आता इटालियनमध्ये भांडायला लागल्या. दिवे, केर, नळ, माझे ओले बूट. विषयांना तोटा नव्हता. मीही उत्तरं द्यायला लागले, आधी अडखळत, मग तोंडाला तोंड देत. एकदा वर्गात मी तावातावाने काही बोलले, तेव्हा आमचे प्रोफेसर हसत म्हणाले, "हे कुठे शिकलीस? माझी आजी शेजारणीशी अशी बोलायची."

शिक्षण संपलं. व्हिसाही संपत आला होता, निघणं भाग होतं. टॅक्सी आली तरी बाई बेसमेंटमधून वर आल्या नाहीत. मी जिन्यातून हाक मारली, तर खालून भांडी आपटल्याचा आवाज आला.

काही महिन्यांनी फ्रँकचा मेसेज आला. घर विकलं होतं. आई होममध्ये कोणाशीच बोलत नाही, असं त्याने लिहिलं होतं आणि तिथला नंबर दिला होता. मी वसईहून फोन लावला. नर्सने तो बाईंच्या हातात दिला. मी नाव सांगितलं.

त्या इटालियनमध्ये म्हणाल्या, "वरची खिडकी तू उघडी टाकून गेलीस."

"बंद केली होती मी."

"उघडी होती. सगळी थंडी आत आली."

"मी उन्हाळ्यात निघाले, बाई. थंडी कुठली?"

"म्हणजे उघडी होती, कबूल करतेस तर," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला, तसा माझाही चढला. नर्सने फोन परत मागेपर्यंत आमचं तेच चाललं होतं.