तिसऱ्या बांगडीपर्यंत

डोक्यावरची पाटी ती ओटीवर ठेवायची, पण बांगड्यांची एकही माळ सोडायची नाही. आधी घरातली लहान पोरं समोर बोलवायची, त्यांची झबली वर करायची आणि पोटं बघायची. पोट साफ असेल तर, "हं, आणा हात." नसेल तर पाटी पुन्हा डोक्यावर, आणि जाता जाता त्या घराच्या सात पिढ्यांचा उद्धार. आमच्या भागात बांगड्या भरायला येणारी कासारीण ही अशी होती.

ती मुरबाडकडची. चालत यायची. तिचा आवाज कसा होता म्हणाल, तर किन्हवलीच्या अलीकडे आमच्या गावात ती ओरडली की तिकडे उंबरमाळीला गाडी थांबायची, गार्डाला वाटायचं मागून कोणी शिट्टी दिली. माझं निम्मं बोलणं सोडून द्यावं, असं माझी बायको पाहुण्यांना चहाच्या आधीच सांगून ठेवते. गाडीचं सोडून द्या. पुढचं सोडू नका.

पोटं बघायची सवय तिला आमच्याच घराने लावली.

माझी कुसुम तेव्हा अकरा महिन्यांची होती. एके दिवशी हातातली वाटी कोणी काढून घेतली म्हणून तिने रडायला तोंड उघडलं. तोंड उघडंच राहिलं, आवाज येईना. ओठ निळे, मग चेहरा जांभळाच्या रंगाचा, आणि मग पोर माझ्या हातात ओल्या फडक्यासारखी लुळी पडली. सगळी आळी धावली. एकीने कांदा फोडला. एकाने पोरगी उलटी धरली. तिसऱ्याने तिला चप्पल हुंगवली. चप्पल माझी होती, तिच्या वासाने सरणावरचा माणूसही उठून आंघोळीला गेला असता. तेवढ्यात कुसुमने श्वास घेतला आणि सगळं श्रेय चपलेला गेलं.

असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी माझी आय म्हणाली, "आता डाग दिल्याबिगर नाय जायाचा ह्यो." आमच्या चुलीमागे तुटक्या बांगड्यांचा एक डबा असे. प्रत्येक घरात असे, याच कामासाठी. पोर निळं पडलं की काचेचा तुकडा चिमट्यात धरून विस्तवात तापवायचा आणि पोटावर टेकवायचा.

इथे मी काही वाढवत नाही. चिमटा आयने धरला. पोरीचे पाय मी धरले. मी, लोकल बोर्डाच्या शाळेतला मास्तर, जो त्याच सकाळी चौथीला आरोग्याचा धडा शिकवून आला होता. बायको परसात जाऊन भिंतीला डोकं टेकून उभी होती. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

चार दिवसांनी कुसुम पुन्हा निळी पडली. डागाने काही झालं नाही हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. एक डाग कमी पडला, असं ठरलं. आयने दुसऱ्यासाठी अमावस्या धरून ठेवली. तोपर्यंत पोरीला रडूच द्यायचं नाही, असा घरात कायदा झाला. तिने कोंबडा मागितला, कोंबडा दिला. शाळेची घंटा मागितली, घंटा आणून दिली. आठवडाभर शाळा माझ्या खोकल्यावर भरली आणि सुटली. घंटा रात्री पोरीच्या उशाला.

त्याच दिवसांत माझ्या बहिणीचं लग्न निघालं. हळदीच्या आदल्या दिवशी कासारीण चुडा भरायला आली. पाटीतली हिरवी माळ बघून कुसुम तिच्यावर झेपावली. माळ हातून निसटली, पोरीने तोंड उघडलं आणि आवाज गेला. बायका उठल्या, कोणी पाणी आणलं, कोणी घंटा, आय चुलीकडे वळली.

"बसा!" कासारीण ओरडली. "आग बाहेर, बाया बाहेर, वारा आत!"

गाडी उंबरमाळीला थांबली असावी ती याच वेळी.

तिने कुसुमला जमिनीवर गोधडीवर एका कुशीला निजवलं. तोंडात भाकरीचा तुकडा होता, तो बोटाने काढला. पाणी आणणारीला तांब्यासकट दाराबाहेर काढलं. माझी बायको पोरीला हलवायला धावली, तर हिने तिचं मनगटच पकडलं आणि मांडीवर ओढून घेतलं. "इकडं बघ. पोरीला नको हात लावू. तिचं काम ती करील. तू बांगड्या भर." आणि खरोखरच भरायला लागली. एक हिरवी चढवली. अगदी सावकाश, बोटांची हाडं चेपून. "बघ, दम कोंडून पोर मरत नाय. शुद्ध हरपली की श्वास आपसूक येतो." दुसरी चढवली. आम्ही सगळे त्या हाताकडे बघत होतो. तिसरी बांगडी अंगठ्याच्या सांध्यावर होती तेव्हा कुसुमने ऊर भरून श्वास घेतला आणि टाहो फोडला.

"लगीच उचलू नका. कौतुक नको. घंटा तर अजिबात नको. पोरगी हाय का मामलेदार?"

हसू आलं सगळ्यांना. मग तिने पोरीच्या गळ्याखालचा घाम पुसायला झबलं वर केलं, आणि हसू संपलं. बेंबीच्या वर चंद्रकोरीसारखा डाग, कडेला अजून ओला. तिने त्या डागावर पाटीतली एक बांगडी नुसती धरून बघितली. वळण जुळलं.

"माझीच हाय," ती म्हणाली. आवाज एकदम खाली. तिचा खालचा आवाज मी तेवढा एकदाच ऐकला.

मग ती जी उठली! माळा पाटीत फेकल्या. "भरत नाय मी चुडा. उघड्या हातानं लगीन लावा. माझी काच हातात घालायची हाय, लेकराच्या पोटावर नाय!"

आयसुद्धा पेटली. "तुला काय कळतंय गो? तुझं पोर असं निळं पडलं असतं म्हंजे कळलं असतं."

"पडलं व्हतं," कासारीण म्हणाली. "दोनदा डागलं सासूनं. निळं पडून नाय मेलं. डाग चिघळला, तापात गेलं. काच माझ्याच पाटीतली."

आयने आपल्या हातांकडे बघितलं. मग आत गेली आणि चुलीमागचा डबा आणून पाटीशेजारी ठेवला.

"एक नाय," कासारीण म्हणाली. "गावातलं समदं डबं."

नवऱ्या मुलीच्या मावश्या, चुलत्या, शेजारणी घरोघर गेल्या. कोणी कुरकुर केली, कोणी डबा लपवला, पण चुड्यावाचून लग्न अडलेलं सगळ्यांना दिसत होतं. दुपार कलेपर्यंत अंगणात फुटक्या काचेचा ढीग झाला. तिने तो जुन्या लुगड्याच्या एका धडप्यात बांधला आणि मगच बहिणीचा हात हातात घेतला. तोंडाने शिव्या चालू, आणि बोटं अशी, की बहिणीला वाटलं कोणी लोणी लावतंय. "हात ढिला सोड गो बाय. घाबरू नको." एकही बांगडी फुटली नाही. तो ढीग तिने पुढे कुठे टाकला कोण जाणे. मी पाहुण्यांना सांगतो, काळू नदी आठ दिवस हिरवी वाहत होती.

पोरीचे पाय मी धरले होते, हे तोवर बायकांनी तिला सांगितलं होतं. निघताना ती माझ्यासमोर थांबली. "मास्तर, म्हातारी अडाणी. तुमी शिकल्यालं ना? पाय कशाला धरलं?"

शहापूरच्या दवाखान्यात न्यायचं मनात होतं, असं काहीतरी मी बोललो. "मग नेलं का नाय? पापणी उलटून बघा, आत पांढरी फटक हाय पोरगी." दुसऱ्या दिवशी लग्नाचं घर सोडून मी पोरीला घेऊन शहापूरला गेलो. डॉक्टरने रक्त कमी आहे म्हणून लोहाचं औषध दिलं. बाकी सगळं कासारणीचंच सांगितलं: कुशीला निजवा, तोंडात काही घालू नका, थांबा. न रडता असं झालं किंवा फार वेळ शुद्ध आली नाही तर मात्र लगेच घेऊन या. चौथ्या वर्षापर्यंत कुसुमचं ते हळूहळू बंद झालं.

कासारणीचा राग मात्र बंद झाला नाही. दर खेपेला आमच्याकडे पोटं बघायची, आणि मग माझ्याकडे. एकदा कुसुमने मला विचारलं, "बाबा, हे पोटावर काय?" मी म्हणालो, तू जन्मलीस त्या रात्री चंद्र खिडकीतून आत आला होता, त्याची कोर राहिली. पोरगी खूश. कासारीण दारातच होती.

"चंद्र नाय गो," ती म्हणाली. "बांगडी हाय. आजीनं डागलं, बापानं पाय धरलं." आणि पाटी खाली ठेवली.

तेव्हा मला तिचा असा संताप आला होता, की तिला हाकलून द्यावंसं वाटलं. आज मला संताप येतो तो त्या चंद्राचा.

मग एका साली ती आली नाही. पुढच्या साली दुसरीच बाई आली. बरी होती. हळू बोलायची. पोटं बघत नसे.

कुसुम पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि लेक वर्षाचा होत आला तेव्हा पुन्हा राहायला आली. माझा नातू एका सकाळी ओटीवर पडला, तोंड उघडलं, आवाज नाही. निळा. मी ते तोंड ओळखलं. शेजारची भागीकाकी परसातून धावत आली, तिच्या पळीत निखारा होता आणि निखाऱ्यावर बांगडीचा तुकडा. बहिणीच्या लग्नात तिने आपला डबा लपवला होता, हे मला तेव्हा कळलं.

"आग बाहेर!" मी ओरडलो. "बाया बाहेर! वारा आत!" माझा आवाज काही उंबरमाळीपर्यंत गेला नाही. गोठ्यापर्यंत गेला असेल. भागीकाकी पळीसकट मागे सरली, तेवढा पुरला.

कुसुमने लेकाला कुशीला निजवलं. मग ती त्याला हलवायला वाकली. बायकोने तिचं मनगट धरलं, तिच्याच हातातल्या तीन बांगड्या काढल्या आणि सावकाश परत चढवू लागली. एक. दुसरी. तिसरी सांध्यावर असताना पोर रडलं.

कुसुमने त्याला लगेच उचललं नाही. रडणं उतरल्यावर त्याचं झबलं वर केलं, पोट बघितलं. साफ होतं. माझ्याकडे न बघता तिने झबलं खाली ओढलं.