बॉनेटवरचा हात

गुणाजी चंदरला चांगला ओळखतो, असं कासू फाट्यावर सगळेच म्हणत. खुद्द गुणाजीला मात्र तसं म्हणवत नसे. पौषात घाटावरच्या वीटभट्टीवर चंदर छातीत कळ येऊन गेल्याची बातमी आली, तेव्हा चहावाली गोदूबाई आधी त्याच्याकडेच वळली. "तुमचा चंदर गेला वो, गुणाजीभाऊ." ‘तुमचा’ म्हणण्यासारखं आपल्याला त्याचं काय ठाऊक होतं, हे गुणाजीला आठवेना. वय ठाऊक नाही. आईबाप कुठले, भावंडं किती, काही नाही. बायकोचं नाव पारी. तेही चंदरने कधी सांगितलेलं नव्हतं. ती भाकरी घेऊन यायची तेव्हा गोदूबाई तिला हाक मारायची, त्यातून कळलं एवढंच.

गुणाजीची लेक अपेक्षा रोह्याला दिलेली. दर बुधवारी सकाळी तो पिशवीत तांदूळ, वाल, परसातलं काहीबाही भरून फाट्यावर यायचा आणि रोह्याच्या एसटीची वाट बघत चंदरच्या पंक्चरच्या टपरीपुढल्या बाकावर बसायचा. एसटी कधी वेळेवर आली नाही. तेवढ्या वेळात चंदर जो दिसला, तो त्याचा चंदर.

चंदर कातकरी वाडीतला. पोरवयात ट्रकवर क्लीनर होता, तिथं टायरचं काम शिकला, असं लोक सांगत. पंक्चर काय, कुणीही काढतं. पण पेण-नागोठण्याहून लोक त्याला शोधत यायचे ते लॉकनटसाठी. हल्ली नव्या गाड्यांना भारीतली चाकं बसवतात. ती चोरीला जाऊ नयेत म्हणून प्रत्येक चाकाला एक नट निराळ्या नक्षीचा असतो. त्याला साधा पाना लागत नाही, त्याची चावीच लागते. आणि चावी नेमकी पंक्चर झाल्यावरच सापडत नाही.

चंदर गाडी जॅकवर चढवायच्या आधीच त्या नटापुढे उकिडवा बसायचा. बोटाने नक्षी चाचपायचा, जरासं डिझेल सोडायचा. मग पान्याला लावायच्या जुन्या गोट्यांच्या, म्हणजे सॉकेटच्या, डब्यातून नटापेक्षा केसभर लहान गोटी निवडून ती नटावर हातोड्याने ठोकून बसवायचा. आवाज आधी खणखणीत येई, मग बसका. बसका आवाज आला की थांबायचा, पान्याला लांब पाइप लावून सगळं वजन टाकायचा. नट कुरकुरत सुटायचा. गोटीत अडकलेला नट मागून ठोकून काढायला पुन्हा तेवढाच वेळ.

पण हातोडा उचलायच्या आधी त्याची एक रीत असे. गाडीच्या मालकाने स्वतः हजर पाहिजे आणि काम संपेपर्यंत बॉनेटवर हात ठेवून उभं राहिलं पाहिजे. शिवाय फाट्यावरचं कुणीतरी ते बघायला पाहिजे. बुधवारी बघायला गुणाजी असे.

"अंतरपाट आणू काय रे?" गोदूबाई म्हणायची. "गाडीचं लगीन लावतोस जसं."

"तू मंगलाष्टका म्हन, मावशे," चंदर खालूनच म्हणायचा. "तुझ्या आवाजानंच सुटंल नट."

साहेब लोकही हसत हात ठेवून उभे राहायचे. गुणाजीला वाटे, काही नवस-बिवस असेल. एकदा विचारलंही, "ही कसली रीत रे?"

"बरं असतं, काका," चंदर म्हणाला.

श्रावणातला एक बुधवार. हमरापूरहून गणपती घेऊन निघालेल्या टेम्पोंची रांग लागलेली. त्यातून एक पांढरी गाडी बसलेल्या चाकावर खुरडत टपरीपुढे आली. आदेश नावाचा तरणा पोरगा चालवत होता. मागच्या सीटवर त्याची आई, हौसाबाई, आडवी पडून धापा टाकत होती. पेणला दवाखान्यात न्यायची होती. स्टेपनी होती, पण चाक सुटत नव्हतं.

"मालक कोन?" चंदरने विचारलं.

"भाऊ माझा, प्रणित. डोलवीला कंपनीत शिफ्टला हाय. चावी त्याच्याकडं. मोबाईल गेटवर जमा, उचलणार कोण?"

"मग नाय जमायचं."

"अरे, आई हाय आत."

गोदूबाईने दोन रिक्षांना हात केला. भरलेल्या होत्या, थांबल्या नाहीत. चंदर काचेपाशी गेला. म्हातारीने डोळे उघडले. "पोरा, पानी हाय काय?" चंदरने आपल्या बाटलीतलं पाणी तिला पाजलं, बाटली तिथंच ठेवली आणि परत येऊन गोट्यांचा डबा उघडला.

"तू ठेव हात," तो आदेशला म्हणाला. मग गुणाजीकडे वळला. "काका, बघताय ना?"

"बघतोय."

नट सुटला. म्हातारी वाचली. पुढच्या आठवड्यात आदेश पेढे देऊन गेला.

गणपती गेल्यावर एका सकाळी त्याच गाडीची चारही चाकं अंगणातून नाहीशी झाली. गाडी चिऱ्यांवर टेकवून ठेवलेली. प्रणितने पोलिसांत सांगितलं, की फाट्यावरच्या कातकऱ्याने आपल्यामागे या गाडीचे नट काढले होते, या भागात दुसऱ्या कुणाला ते जमत नाही. आदेशचं थोरल्या भावापुढे तोंड उघडलं नाही. पोलीस टपरीवरून चंदरला घेऊन गेले.

गुणाजी जन्मात कधी ठाण्याची पायरी चढला नव्हता. धुतलेला सदरा घालून गेला. हवालदाराने त्याला बाकावर बसवलं, नीट बोलला.

"बोला बाबा. तुम्ही त्याच्या बाजूने सांगायला आलात ना? पूर्ण नाव काय त्याचं?"

"चंदर."

"पुढं?"

गुणाजीने नकारार्थी मान हलवली.

"राहतो कुठं?"

"वाडीवर."

"कुठल्या? तिकडं तीन वाड्या हायत. चोरी झाली त्या रात्री घरी होता काय?"

"असणार."

"असणार म्हणजे? तुम्ही गेलायत कधी त्याच्या घरी?"

"नाय."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. "मग लिहू काय मी, बाबा?"

"मानूस चांगला हाय."

"ते तुम्ही सांगताय. त्याचा काय उपयोग?"

आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. चंदर भिंतीशी जमिनीवर बसला होता आणि इकडेच बघत होता. त्या रीतीचा अर्थ गुणाजीला तेव्हा कळला. गावात काही हरवलं की पहिलं बोट वाडीकडे जातं. ते येणार हे धरूनच हा माणूस इतकी वर्षं दुसऱ्यांचे हात बॉनेटवर ठेवून घेत आला होता. आणि ज्याला बघायला बसवलं, त्याला चंदरचं आडनावही सांगता आलं नाही.

चार-सहा दिवसांनी पनवेलकडे चोरांची टोळी सापडली, त्यांच्याकडे चाकंही सापडली. चंदरला सोडलं. चुकलं, असं कुणी म्हटलं नाही. तो परत टपरीवर येऊन बसला. चालताना एक पाय जपून टाकायचा. गुणाजीने कारण विचारलं नाही. विचारायला आपण कोण, असं त्याला वाटलं. गोदूबाईनेही थट्टा करायची सोडली.

दिवाळीच्या अलीकडच्या बुधवारी एक मोठी गाडी थांबली. मालक उतरला आणि आपणहून बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. त्याला रीत कुणीतरी सांगितलेली होती.

"नाय जमत," चंदर म्हणाला.

"अरे, पेणला जो तो तुझंच नाव सांगतो."

"म्हनूनच."

गाडी खुरडत निघून गेली. चंदर कितीतरी वेळ फडक्याने हात पुसत राहिला. हाताला काहीच लागलेलं नव्हतं.

"दिवाळी झाली की भट्टीवर जानार," तो म्हणाला. "पारी आनि मी."

"आनि टपरी?"

"ऱ्हाईल उभी."

गुणाजीने पिशवीचे बंद उगाच सोडून पुन्हा बांधले. "चंदर, त्या दिवशी ठाण्यात मला काय सांगताच..."

"आयकलं मी. आलात ना तुमी. दुसरं कोन नाय आलं."

गुणाजीने विचारलं, "तुझी वाडी नक्की कुठली रे?"

चंदरने मान वळवली, हातही उचलला. तेवढ्यात वळणावर लाल एसटी दिसली, आणि तोच हात त्याने गाडी थांबवायला पुढे केला.

"यष्टी आली, काका. उजव्या अंगाला बसा. डावीकडं ऊन येतं."

"व्हय," गुणाजी म्हणाला.