काटकोनबाईंचं टेबल

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर काटकोनबाई राहतात. हे नाव आम्ही नववीत असताना ठेवलं होतं. बाई ताठ चालायच्या आणि व्हरांड्याच्या कोपऱ्यावर वळायच्या त्याही कवायतीत वळावं तशा. निवृत्त होईपर्यंत त्यांनी आठवी ते दहावीला गणित शिकवलं. मी त्यांच्या वर्गातली ढ. कशीबशी पास झाले आणि शिवणकामाला लागले. आता तळमजल्यावर माझं दुकान आहे.

"बाई, याचा घरी काय उपयोग?" असं वर्गात विचारणारी मीच. उत्तर दुकानात मिळालं. गोल घेराचा फ्रॉक बेतायचा तर कंबरेच्या मापावरून त्रिज्या काढावी लागते आणि ती चुकली की अख्खं कापड वाया. हे मी बाईंना मोठ्या कौतुकाने सांगायला गेले, तर त्यांनी एवढंच विचारलं, "पायची किंमत किती धरतेस?" शाबासकी द्यायची म्हटलं की बाईंचा हात कायम आखडता.

नवरा गेल्यापासून त्या एकट्याच. एकदा जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "अगं, एका माणसाचा भात रोज तळाला लागतो. तांदूळ एक, पाणी दोन, प्रमाण अगदी बरोबर आहे. तरी लागतो."

"मग जास्त टाका. संध्याकाळी होईल."

"दोन्ही वेळा एकटीनेच खायचा ना?" त्या म्हणाल्या. वर्गातला तो खणखणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

त्यांचा मुलगा परगावी असतो. शाळेत तो माझ्याच वर्गात, पुढच्या बाकावर. आईच्या हाताखाली शिकणं म्हणजे काय ते त्यालाच ठाऊक. बाकी पोरांच्या चुका बाई कधीमधी पोटात घालायच्या, त्याची एक सोडायच्या नाहीत. मागे बाई आजारी पडल्या तेव्हा तो म्हणाला होता, "बरी झालीस की इकडेच ये राहायला." बाईंनी ते मनात घट्ट धरून ठेवलं. सामान सगळं वाटून टाकायचं, फक्त टेबल न्यायचं, असं ठरवूनही टाकलं. त्याच टेबलावर त्यांनी पेपर तपासले होते आणि नवऱ्यासमोर बसून रोज जेवल्या होत्या.

बऱ्या झाल्यावर त्यांनी विषय काढला, तर मुलगा म्हणाला, "आई, ते टेबल आमच्या दारातल्या अरुंद बोळातून आत वळणार नाही."

दुसरी कोणी असती तर काय ते ओळखून गप्प बसली असती. बाईंनी त्याच्याकडून बोळाची मापं मागवली.

काल दुपारी त्या दुकानात आल्या. "पुठ्ठा आहे का गं?"

कापड बेतायच्या फळीवर आम्ही खडूने त्याच्या घराचा बोळ आखला, प्रमाणात. पुठ्ठ्याचं टेबल कापून ते बोळातून सरकवलं, तर वळणावर अडकलं. बाईंनी ते आडवं-उभं फिरवून बघितलं. मग म्हणाल्या, "पाय सुटे होतात की त्याचे! फळी कडेवर उभी करून नेली तर जागा फक्त जाडीएवढीच लागेल." त्यांनी एक अरुंद पट्टी कापली. ती वळणातून सुळकन बाहेर आली आणि बाईंनी चक्क टाळी वाजवली.

मला राहवलं नाही. "बाई, टेबलाचं निमित्त असेल हो त्याचं."

"निमित्त कसलं? माप म्हणजे माप."

वर जायचाही बाईंना धीर नव्हता. दुकानातूनच मुलाला फोन लावला. ऐकू कमी येतं म्हणून स्पीकरवर.

"अरे, वळतंय! पाय काढायचे आणि कडेवर उभं करून न्यायचं. तुझंच चुकलं होतं." बाई आपल्या सुरूच. "आता खोलीचं. पलंग खिडकीला समांतर लावला तर..."

"आई, पुरे."

"का? काय झालं?"

"टेबलाचं नाहीये गं हे." त्याचा आवाज चढलेला नव्हता, नुसता थकलेला होता. "तू आलीस की मी काही बोललो तरी तू ते तपासणार. आत्ताच बघ. मी म्हटलं मावत नाही, तर तू बसून मला चूक ठरवलंस. चाळिशी उलटली माझी. 'तुझं बरोबर आहे' असं एकदा तरी म्हणालीस का मला?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एकट्या म्हाताऱ्या बाईला असं बोलतात? मी कात्री आपटली आणि फोनकडे झेपावलेच, पण बाईंनी हात वर करून मला थांबवलं.

फोनमधून मुलाच्या श्वासाचा आवाज येत होता. मग त्यांनी पट्टी बाजूला ठेवली, आधीचं रुंद पुठ्ठ्याचं टेबल उचललं आणि खडूच्या बोळातून बोटाने हळूहळू वळणापर्यंत सरकवत नेलं. ते अडकलं.

"तुझं बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "मी पुन्हा करून बघितलं. नाही वळत टेबल."