न आढळलेलं मशीन

होतकरू कारागिराच्या कल्पनेला भांडवल पुरवणं ही राष्ट्रसेवा आहे, असं आमच्या शाखेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं. त्याच भिंतीला टेकून कचरू गांगुर्डे उभा होता आणि मी त्याच्याकडे तीन कोटेशनं मागत होतो.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नाशिकच्या शाखेत मी लघुउद्योगांची कर्जं बघायचो. कोटेशन म्हणजे विक्रेत्याचं लेखी दरपत्रक. मशीनसाठी कर्ज हवं तर तीन विक्रेत्यांची आणायची, असा नियम.

"साहेब, हे मशीन अजून जगात नाय. विकणारे तीन जण कुठून आणू?"

कचरूनं कारखान्यातली फिटरची नोकरी सोडली होती. द्वारका चौकाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो कांदा निवडायचं मशीन जुळवत होता. गजांचा फिरता पिंप. लहान कांदा आधी गळणार, मोठा पुढे जाणार. कांद्याचं सालपट निघालं की भाव पडतो, म्हणून गजांना त्यानं सायकलच्या जुन्या ट्यूब गुंडाळल्या होत्या. त्याचा हातानं फिरवायचा लाकडी नमुना पाहून मी थक्क झालो. देवळ्याच्या एका व्यापाऱ्यानं त्याला बजावलं होतं, पाडव्याला मशीन दारात आलं तर घेईन, नाहीतर नेहमीसारख्या बाया लावीन.

मॅनेजर म्हणाले, "जे कुणी विकतच नाही, त्याला कर्ज कसं द्यायचं?"

"मोटर विकतात ना, साहेब?" कचरू म्हणाला. "अँगल, चेन, बेअरिंग?"

प्रत्येक वस्तूची तीन, अशी बारा कोटेशनं कचरूनं सायकलवर फिरून गोळा केली. अर्जात 'मशीन' हा शब्द मी कुठेही येऊ दिला नाही. कर्ज मंजूर झालं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी शेडच्या दारात टेम्पो लागला आणि मला बरोबर घेऊन हेड ऑफिसचे इन्स्पेक्टरही आले. त्यांच्या हातात यादी होती.

"मोटर कुठंय?"

"आत हाय, साहेब. चालू करून दाखवू?"

"नको. नंबर बघायचाय. बेअरिंग आठ आहेत ना? मोजून दाखवा."

मी म्हणालो, "सर, हे सगळं मिळूनच तर..."

"तुम्ही मंजूर काय केलंय, ते बघा."

कचरूनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पाना उचलला. तासाभरात सगळं मशीन गोणपाटावर रुखवतासारखं मांडलेलं होतं. इन्स्पेक्टरांनी एकेका वस्तूपुढे खूण केली आणि ते निघून गेले.

टेम्पोवाला म्हणाला, "मिस्त्री, आता हे भंगार न्यायचंय का?"

"तू चहा पिऊन ये रं."

दिवस मावळायच्या आत त्यानं सगळं परत जोडलं. वर मलाच म्हणाला, "उघडलं ते बरं झालं, साहेब. एक बेअरिंग तिरकं बसलं होतं."

पाडव्याला देवळ्यात मशीन दिवसभर चाललं. व्यापाऱ्यानं त्याच दिवशी दुसऱ्या मशीनची ऑर्डर दिली. तेव्हापासून मी कुणाचाही अर्ज वाचण्याआधी शेड बघायला जाऊ लागलो.

इन्स्पेक्टरांचा रिपोर्ट महिन्यानं आला. त्यात लिहिलं होतं : सर्व वस्तू यादीप्रमाणे आढळल्या. मशीन आढळले नाही.