वारा तोडणारा

अमरावती-अकोला सायकल शर्यतीत उत्तेजक गोळ्या खाऊन उतरणाऱ्यांना हाकला, असं पत्रक मीच काढलं होतं. त्या दिवशी ते वाटत मी मूर्तिजापूरच्या थांब्यावर उभा होतो.

एक सायकलस्वार सगळ्यांच्या पुढे आला. बडनेऱ्यापासून समोरचा वारा तो एकटा अंगावर घेत होता आणि कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मालकाचा मुलगा त्याच्या मागच्या चाकाला चिकटून आरामात येत होता. उतरताच त्याने बोट ओलं करून वाऱ्याची दिशा पाहिली. मग कमरेची पुरचुंडी सोडून पांढरी गोळी जिभेवर ठेवली.

मी त्याचं मनगट धरलं आणि पंचांना ओरडून बोलावलं.

"लाज नाही वाटत? बक्षिसासाठी हे खाता?"

"मले कायचं बक्षीस, भाऊ?" तो हसला. "अकोला आलं का मले मांगं राहाचं हाय. जिंकनार मालकाचा पोरगा. मी वारा तोडून राहिलो फक्त."

"मग गोळी कशाला?"

"मालकच देते. थकलो त उद्या जिनात काम नाई."

पंचांनी त्याला तिथेच बाद केलं. मालकाचा मुलगा तोवर जिनातल्याच दुसऱ्या कामगाराच्या चाकामागे लागून निघूनही गेला होता.

सायकल हातात धरून परत फिरताना त्याने माझं पत्रक मागून घेतलं, उलटसुलट केलं आणि शांतपणे विचारलं, "वाचता येत नाई मले. याच्यात मालकाचं नाव हाय का?"

नव्हतं.