काहीच न ऐकू येण्यासाठी

वरवट बकालला बसथांब्यासमोर धम्मशीलाताईचं गाड्यांच्या साउंडचं दुकान आहे. नवं गिऱ्हाईक आलं की आत डोकावून विचारतं, "मिस्त्री कुठं गेला?" ती पान्हा हातात घेऊन म्हणते, "समोर उभा हाये, दिसून नाही राह्यला का?" माहेर उंद्रीचं. मामाच्या बॅटरीच्या दुकानात खेळता खेळता तारा जोडायला शिकली. आपल्यासारखं काम जिल्ह्यात कुणाला येत नाही, हे ती स्वतःच सांगते, आणि दिवसातून अनेकदा सांगते.

मी चंद्रशेखर, सोनाळ्याचा जीपवाला. यंदा भीमजयंतीच्या मिरवणुकीत माझी जीप पुढे राहणार होती आणि जीपमध्ये माझे बाबा, पुंजाजी. त्यांच्या पहिल्या 'जय भीम'शिवाय आमच्या गावची मिरवणूक कधी जागची हलली नाही. पण मागच्या वर्षी गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. उरली नुसती कुजबुज. घरात आईला बोलवायचं तर ते पेल्यावर चमचा वाजवतात. तरी यंदा हट्टाला पेटले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पहिला जय भीम मीच देईन. लोकाइले ऐकू नाही आलं तं पुन्हा माइक हाती धरणार नाही."

म्हणून मी ताईला म्हटलं, "सगळ्यात मोठा ॲम्प्लिफायर टाक."

"काऊन? बाबाच्या आवाजासंगं गाडीची कुईकुईबी मोठी करता काय?" तिनं तो मोठ्या वॅटच्या आकड्याचा खोका बाजूला सारला आणि जीपच्या बॅटरीला झेपेल असा मध्यम काढला. मी स्वस्तात आणलेली तार तिनं ब्लेडनं खरवडली. वर तांबं, आत पांढरं ॲल्युमिनियम. "हे कपडे वाळू घालाले घरी न्या, भाऊ." मग करंगळीएवढी जाड, अस्सल तांब्याची तार घेतली, बॅटरीजवळच फ्यूज बसवला. करंटची तार जीपच्या डाव्या अंगानं नेली, माइकची उजव्या. "या दोघी शेजारी नांदत नाहीत," म्हणाली.

नंतर तिनं जे केलं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. गाणं नाही, काही नाही. आवाज पूर्ण वाढवला, मला ॲक्सिलेटर दाबायला सांगितलं आणि स्पीकरला कान लावून डोळे मिटले.

"ताई, काय ऐकून राह्यली?"

"काहीच ऐकू यायले नाही पायजे. तेच ऐकून राह्यली."

पण बारीक कुईं येत होती, इंजिनासोबत चढत होती. ताईनं एक शिवी हासडली, पत्र्यावरचा अर्थिंगचा बोल्ट खोलला, खालचा रंग घासून घासून लोखंड चकचकीत केलं आणि तार पुन्हा कसली. परत ॲक्सिलेटर. आता इंजिन थरथरतंय, आवाज पूर्ण खुला, आणि स्पीकरमध्ये काही म्हणजे काही नाही! माझ्या खडखड्या जीपमध्ये एवढी शांतता मावते, यावर माझा विश्वास बसेना.

जयंतीच्या दिवशी दुपारी निळे झेंडे घेऊन सगळा गाव चौकात उभा होता. जीप सुरू होती. ताई मागच्या स्पीकरला खेटून उभी. बाबांनी माइक ओठांना लावला.

"जय भीम."

कुजबुजच ती. पण श्वासासकट, अक्षर न् अक्षर गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. आणि गावानं जे उत्तर दिलं त्यानं जीपच्या काचा वाजल्या. मी गिअर टाकायचं विसरलो. ताई दर वेळी स्वतःची तारीफ करते, आज पदरानं डोळे पुसत होती.

मला वाटलं, झालं. पण बाबांनी माइक खाली ठेवला नाही. आई गुडघ्यांमुळे घरीच होती, चौकामागच्या गल्लीत.

"अन्नपूर्णे," बाबा माइकमध्ये म्हणाले, "ऐकू येऊन राह्यलं काय व?"

उत्तर ऐकू यावं म्हणून मी इंजिन बंद केलं.

मागच्या गल्लीतून आईचा आवाज आला, "हाव! आली मी, आली!"